पॉइंट झिरो वन

तालमीच्या पोरांनी तो पोत्यात घालून आणला,
दोघांनी मिळून, जखमी गडी उचलावा तसा.
"काका, बोलतंय, पर घोगरं.
घसा बसल्यागत."
लक्ष्मीपुरीतलं माझं दुकान आता साडेसहा फुटांचं.
पलीकडं मोबाइलच्या काचा बदलणारा,
अलीकडं मिरची कांडप.
डाग तपासायला मला भिंग लागतं
आणि भिंगात निम्मा वेळ डोळ्यांचं पाणीच दिसतं.

पाठीमागचा पुठ्ठा काढला.
झुरळाचं रिकामं कवच, जाळी,
आणि तांबडी माती, हौदातली,
ताक-हळद-तेल मुरलेली.
वास मेला नव्हता.
लाकडालाही कुणीतरी तेल पाजलेलं,
अंग रगडून उरलेलं असावं.

पाचही व्हॉल्व्ह तापले,
शेवटचा नको तेवढा.
पोटातला पत्रा लालबुंद झाला
तसा मी प्लग ओढला.
मग मीटर लावून पुन्हा एकदा, दहा सेकंद:
ग्रिडवर शून्य पाहिजे तिथं अकरा व्होल्ट.
म्हणजे कंडेन्सर गळतोय.
त्याचं काम एवढंच असतं,
आवाज पलीकडं सोडायचा,
दाब अलीकडं अडवायचा.

भिंग खाली नेलं
आणि तो टाका दिसला.
तार उजवीकडं दीड वेढा, शेपूट खाली.
ही खोड अख्ख्या कोल्हापुरात एकाचीच.
तिच्यापायी दस्तगीरभाई
माझ्या बोटांवर पक्कड मारायचे.

अठ्ठ्याहत्तर साल. भाई उरुसाला मिरजेला,
दुकानात मी एकटा, आणि दारात वस्ताद:
"रातच्याला कुस्तीचं वर्णन हाय, पोरा."
सहाशे व्होल्टचा माल संपलेला.
दोनशेचा होता.
बसवला. सात रुपये घेतले.
भाईंना सांगितलं नाही.

"बंद कधी पडला रे हा?"
"आमी कुठं होतो तवा! वस्ताद सांगायचे,
शेवटचा डाव, आपला गडी वर,
आन् ह्याचा घसाच बसला.
पाऊणशे माणसं कान लावून नुसती.
कोण जिंकलं ते सकाळी पेपरात कळलं."
"कोण?"
"आपला नव्हं."
पोरं हसली. मीही, जरा उशिरा.
"मग परत का नाही आणला दुकानात?"
"दुकानातलं पोरगं नवं हुतं म्हणं.
मार बसंल त्याला, म्हणाले वस्ताद. ठेवा माळ्यावर."

मी डबा उघडून नवा कंडेन्सर शोधत राहिलो,
तो समोरच होता.
पिवळा, मक्याच्या दाण्याएवढा.
"काका, जुन्याच्या पोटात घालून मिळंल का?
मेण वितळवायचं, कागद उपसायचा,
मोबाइलवर बघितलंय आमी."
येतं मला ते. पुण्याच्या एका हौशी माणसाला
अकरा रेडिओ तसे करून दिलेत,
उघडून बघितलं तरी कळायचं नाही.
"ह्यात नको," म्हटलं.
"ह्यात दिसू दे."

जुना काढून खिशात टाकला.
नवा बसवला: दीड वेढा, उजवीकडं, शेपूट खाली.
भाई असते तर पक्कड बसली असती.
शेजारी पत्र्यावर पेन्सिलीनं तारीख लिहिली,
तारखेखाली नाव, पूर्ण: श्रीपती लोहार.

काटा शून्याच्या किंचित खाली येऊन थांबला.
पत्रा काळाच राहिला.
आधी नुसती घरघर, मग सांगलीवरनं कुणी बाई
हळदीच्या कंदकुजीबद्दल सांगायला लागली,
स्वच्छ, घाई नसलेल्या आवाजात.
पोरांना त्यातलं काय कळणार,
पण मांडीवर मूठ ठेवून ऐकत होती,
डाव रंगल्यासारखी.

बिल लिहिलं.
कंडेन्सर, नग एक: बारा रुपये.
मजुरी: पोचली.

थोरल्या पोरानं कागद उलटासुलटा केला.
"आमी कवा दिली, काका?"
तेवढ्यात शेजारी कांडप सुरू झालं,
ब्याडगीचं पहिलं पोतं,
आणि मला डोळे पुसायला कारण मिळालं.